बारा पौर्णिमांची परसबाग

भोसरीत घर घेतले असे कोणी सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती गुंठे?" आणि उत्तरही बहुधा ठरलेलेच, "अर्धा." अर्धा गुंठा म्हणजे सुमारे ५४५ चौरस फूट. त्यात दोन खोल्या, मोरी, संडास आणि वर जाणारा लोखंडी जिना बसविला की मागच्या भिंतीलगत तीन फूट रुंदीची एक पट्टी उरते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी या पट्टीत मोडकी सायकल, रंगाचे रिकामे डबे, उरलेल्या विटा आणि पाण्याची जुनी टाकी यांचा संसार थाटलेला असतो. प्रस्तुत लेख या पट्टीविषयी आहे. मंडळाने स्मरणिकेसाठी भगिनींना उपयोगी पडेल असे काही लिहावे अशी सूचना केली म्हणून लिहीत आहे. पण माती वाहण्याचे काम असल्यामुळे बंधूंनीही वाचावे.

मी १९८६ साली लग्न होऊन भोसरीत आले. माझ्या सासरची मंडळी जालना जिल्ह्यातली, १९७२ च्या दुष्काळानंतर पोटासाठी इकडे आलेली. त्या वेळी एमआयडीसीचे कारखाने वाढत होते आणि कामाला माणसे हवी होती. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणत असू. त्या सांगत, "गावाकडं रान होतं, पण दारात काही लावायची सोय नव्हती." हे मला आधी समजत नसे. खेडे म्हटले की प्रत्येक घराला परस असणार, असे आपण वाचतो. पण गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीत घराला घर चिकटलेले, आणि मुख्य म्हणजे पाणी नाही. ज्यांना प्यायचे पाणी दुसऱ्याने वरून ओतले तरच मिळत होते, ते भाजीच्या आळ्यात काय ओतणार? २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हा प्रसंग आपण दरवर्षी सांगतो. त्या पाण्याशी चूल, मोरी आणि दारचे झाडही बांधलेले होते, हे मात्र सहसा सांगत नाही.

जमिनीचेही तसेच. महार वतनाची हाडकी-हाडोळा म्हणून जी जमीन होती, तिचे तुकडे पडत पडत एकेकाच्या वाट्याला काही राहिले नाही, आणि त्या बदल्यात गावाची वेठ मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावी लागली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात यासंबंधी विधेयक मांडले होते. वतने प्रत्यक्षात संपली ती १९५८ च्या कायद्याने. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्या सत्याग्रहात आत्यांचे वडील तुरुंगात गेले होते. म्हणून भोसरीतल्या तीन फूट पट्टीत पहिले कुदळ मारताना आत्या जे बोलल्या ते मला आजही आठवते. "ही सातबाऱ्यावर नसली तरी आपली हाय."

आमचे पहिले वर्ष संपूर्ण वाया गेले. मेथी टाकली ती उगवली, चार पाने आली आणि पिवळी पडून बसली. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. घर बांधून झाल्यावर उरलेला राडारोडा, सिमेंट, चुना आणि खालचा मुरूम यांनाच आम्ही माती समजत होतो. आपल्याकडे काळा पाषाण वरच असतो, बांधकामात चांगली काळी माती खालीवर होऊन जाते आणि अंगणात येतो तो मुरूम. सिमेंटमुळे ती जागा खारी होते. म्हणून पहिली गोष्ट ही की, पट्टीतला वरचा एक फूट थर काढून टाकावा. पंधरा-वीस घमेली काढावी लागतील. त्या जागी शेतातली माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग आणि वाळलेला पालापाचोळा एक भाग असे मिसळून भरावे. भोसरी, मोशी, चिखली ही बैलगाड्याच्या शर्यतींचे वेड असलेली गावे. इमारतींच्या मागे अजूनही गोठे आहेत आणि शेणखताचे पोते मिळते. ताजे शेण मात्र घालू नये, ते कुजताना गरम होते आणि रोपांची मुळे जळतात.

येथे आपल्या भागापुरती एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते, आणि ती पुस्तकात सापडणार नाही. आपण कारखान्याच्या गावी राहतो. निळे प्लॅस्टिकचे ड्रम, पत्र्याची पिंपे, गोण्या हे सगळे भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळते आणि ड्रम मधोमध कापला की दोन सुंदर कुंड्या तयार होतात. पण त्या ड्रममध्ये आधी काय होते? आमच्या गल्लीत एका घरी असाच ड्रम आणला, दोनदा धुतला, त्यात पालक लावला. पालक लावल्यावर पंधरा दिवसांत जळाला, आणि ते बरेच झाले. तो जगला असता तर घरच्यांनी खाल्ला असता. ज्या ड्रममध्ये आम्ल, प्लेटिंगचे द्रावण, कूलंट किंवा रंग आले असतील तो कितीही धुतला तरी भाजीसाठी वापरू नये. खाद्यतेल, काकवी, सरबताचा अर्क असे खाण्याचे पदार्थ ज्यातून आले, तेवढेच ड्रम घ्यावेत, आणि विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल तर सरळ नको म्हणावे. तीच गोष्ट फाउंड्रीतल्या काळ्या वाळूची, लेथवरच्या किसाची आणि कोळशाच्या राखेची. माती भुसभुशीत व्हावी म्हणून काही जण ती फुकट मिळते म्हणून मिसळतात. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू पालेभाज्या मातीतून शोषून पानांत साठवतात. पान धुऊन ते जात नाहीत. नाल्याच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर झाड वाळू द्यावे, पण कारखान्यांच्या बाजूने वाहत येणारे पाणी घालू नये.

ज्यांच्याकडे पट्टीही नाही त्यांनी गच्चीचा विचार करावा. ओली माती फार जड असते. अर्धा ड्रम, म्हणजे शंभर लिटर माती भरली तर दीडशे किलोच्या आसपास वजन होते. म्हणून पत्र्याच्या छपरावर काही ठेवू नये आणि स्लॅबवरही कुंड्या मधोमध न ठेवता खाली जेथे भिंत किंवा तुळई आहे तेथे ठेवाव्यात. पालेभाजीला आठ इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला दीड फूट लागते. कोल्हापूरचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभारून हेच सांगितले की, घरातला काडीकचरा, वाळका पाला आणि सूर्याचे ऊन एवढ्या भांडवलावर साधा माणूस माती तयार करू शकतो. ते मूळचे गणिताचे शिक्षक, म्हणून दर चौरस फुटाचा हिशेब मांडत. त्यांची रीत धरली तर कुंडीत निम्मा पालापाचोळा जातो आणि वजनही कमी होते.

ओल्या कचऱ्याचे खत घरीच करावे. झाकणाच्या जुन्या बादलीला खाली व बाजूंना भोके पाडावीत, तळाला नारळाच्या शेंड्या घालाव्यात. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा एक ओंजळ टाकला की वर वाळका पाला दोन ओंजळी. मधूनमधून आंबट ताक शिंपडावे. दोन-अडीच महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. घाण वास येऊ लागला तर समजावे की ओले जास्त झाले. कोरडा पाला घालून ढवळावे. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक झाले तेव्हा आमच्या गल्लीत बरीच कुरकुर झाली, पण ज्यांच्याकडे ही बादली होती त्यांच्याकडून घंटागाडीला देण्यासारखे फारसे काही निघतच नव्हते. नाही तर आपलीच साल आणि देठे मोशीच्या डेपोत जाऊन डोंगर वाढवतात, आणि वारा फिरला की तो वास आपल्याच घरात येतो.

आता ऋतूंकडे येऊ. बाग इंग्रजी महिन्यांवर चालवता येते, पण आपल्या घरात पौर्णिमा लक्षात राहते, कारण त्या दिवशी विहारात जायचे असते. म्हणून आत्यांनी भिंतीवर कोळशाने पौर्णिमांचीच यादी केली होती. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की चंद्राचा महिना मागेपुढे सरकतो आणि सुमारे तीन वर्षांनी अधिक महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता. त्या वर्षी नुसत्या यादीवर विसंबून पेरणाऱ्यांची फजिती झाली. यादी पाहावी आणि आभाळही पाहावे.

सुरुवात ज्येष्ठापासून करावी, कारण बागेचे वर्ष तेथून सुरू होते. मृगाच्या आधी आळी खणून खत भरून ठेवावे आणि दोन चांगले पाऊस झाले की दोडका, कारले, घोसाळे, दुधी यांच्या बिया टोकाव्यात. एका आळ्यात तीन बिया, उगवल्यावर एकच वेल ठेवावा. जीव होत नाही म्हणून तिन्ही ठेवले की तिन्ही दुबळे राहतात. वेलाला जागा लागत नाही, आधार लागतो. जिन्याच्या कठड्यावरून सुतळी बांधून गच्चीवर नेला की तीन फुटांची पट्टी वीस फूट उंच होते. मोरीचे पाणी जेथे पडते तेथे अळू लावावे. हळदीचा व आल्याचा एकेक कोंब गोणीत पुरून ठेवावा. माघाच्या सुमारास पाने वाळली की गोणी उलटी करावी. शेवग्याची फांदी याच दिवसांत रोवावी, हाताच्या मनगटाएवढी जाड आणि तीन-चार फूट लांब. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, वाऱ्याने फांदी मोडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडते आणि भांडण होते, म्हणून दरवर्षी तो कमरेइतका छाटावा. छाटल्याने पाला भरपूर येतो, आणि आपल्याला शेंगांपेक्षा पाल्याची गरज अधिक आहे. त्याचे कारण पुढे सांगते.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. वर्षावास म्हणजे विहारात तीन महिने 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन, एवढेच आपल्या मुलांना ठाऊक असते. परंतु विनयपिटकातील महावग्गात त्याचे मूळ कारण दिले आहे ते बागकाम करणाऱ्याला चटकन कळते. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत तेव्हा लोकांनी तक्रार केली की, हे कोवळे गवत व पिके तुडवितात, लहान लहान जीव पायाखाली मरतात. तथागतांनी ती तक्रार योग्य मानली आणि पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम केला. अडीच हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्याचे ऐकून संघाचा नियम झाला. आषाढात भाजीच्या वाफ्यात पाय देऊ नये, ओली माती तुडवली की ती दगडासारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही, हे मी मुलांना सांगे तेव्हा हीच गोष्ट सांगे. त्यांनी पट्टीच्या कडेला विटा ठेवून त्यावरूनच चालायचे असा आपला नियम केला.

श्रावणात पावसाची झड लागते. या दिवसांत मेथी-कोथिंबीर पेरण्याचा हट्ट करू नये. पाने चिखलाने माखतात आणि मुळे कुजतात. बाजारात याच वेळी कोथिंबिरीची जुडी महाग होते म्हणून आपण हट्टाला पेटतो. त्याऐवजी जे आपोआप येते ते ओळखावे. तांदुळजा, घोळ, कुर्डू, टाकळा यांतले काही ना काही पट्टीत, कुंडीत, रस्त्याकडेला उगवलेले असते. रस्त्याकडेचे घेऊ नये, आपल्या मातीत आलेले घ्यावे. आत्या टाकळ्याला तरोटा म्हणत. दुष्काळात त्याच्या पाल्यावर महिने काढलेले असल्याने पुढे पुष्कळ वर्षे त्यांना तो समोर नको असे. "मिलो आणि तरोटा, दोन्ही नाव काढू नको," असे त्या म्हणत. आता हीच भाजी रानभाज्यांच्या महोत्सवात कौतुकाने विकली जाते. मला त्याचा आनंद आहे, परंतु ज्यांना ती खावी लागली त्यांच्या तोंडची चव वेगळी असते, हेही नव्या पिढीने समजून घ्यावे. अंबाडीची गोष्ट मात्र निराळी. जूनमध्ये पेरलेली अंबाडी या दिवसांत खुडायला येते, आणि ज्वारीच्या कण्या घालून लसणाची फोडणी दिलेली अंबाडी आमच्या घरी आजही सणाचे जेवण आहे.

पावसाचे पाणी याच काळात साठवावे. शंभर चौरस फूट पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९० लिटर पाणी मिळते. पहिल्या दोन पावसांचे पाणी वाहू द्यावे, कारण पत्र्यावर वर्षभराची कारखान्यांची धूळ बसलेली असते. पुढचे पाणी झाकणाच्या पिंपात धरावे. झाकण नसेल तर डास होतात आणि डेंग्यूची फवारणी करणारे येऊन पिंप उलटे करतात, व ते बरोबरच करतात.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला टोमॅटो, वांगी, मिरची यांचे बी लहान कुंडीत टाकून रोपे करून घ्यावीत, म्हणजे अश्विनात ती लावता येतात. वर्षावास संपतो त्या अश्विन पौर्णिमेपासून खरा भाजीचा हंगाम. अशोक विजयादशमी, १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन यांची धावपळ संपली की मी पट्टीचे चार भाग करते. पहिल्या भागात मेथी, आठवड्याने दुसऱ्यात, असे. सगळी एकदम पेरली तर एकदम येते आणि चार दिवस मेथी, मग महिनाभर काही नाही, असे होते. मेथी चार आठवड्यांत उपटायला येते. पालक उपटू नये, कापावा. तो चार-पाच वेळा फुटतो. धने पेरण्यापूर्वी लाटणे फिरवून त्यांच्या दोन डाळी कराव्यात, नाही तर उगवण निम्मी होते. चाकवत, करडई, मुळा, लसूण हे सर्व याच दिवसांत.

घेवड्याविषयी थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. गावरान वाल-घेवड्याचा वेल ज्येष्ठात लावतात, तो पावसाळाभर नुसता पाला वाढवितो आणि नवी सून असेल तर तिला वाटते हा वांझ आहे, उपटून टाकावा. माझ्याही हातून एकदा तसे झाले. हा वेल दिवस लहान होण्याची वाट पाहत असतो. रात्र मोठी झाली की त्याला फुलोरा येतो आणि कार्तिकापासून पौषापर्यंत शेंगा लागतात. आमच्या मागच्या बोळात महापालिकेचा प्रखर दिवा बसला त्या वर्षी दिव्याकडच्या बाजूच्या वेलाला फुले फार उशिरा आली, अंधाराकडची बाजू लदलदली. त्याला रात्र अंधारी लागते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेत न गेलेल्या या आदिवासी भगिनीने परसबागेतूनच गावरान बियाणे जपण्यास सुरुवात केली, त्यांत वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विकत आणलेल्या संकरित बियाण्याचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही, गावरानाचे उगवते. गरिबाच्या बागेला याहून मोठा आधार नाही.

मार्गशीर्षात थंडी पडते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे घर तीन दिवस रिकामे असते, तेव्हा शेजारणीला पाणी सांगून जावे. परत येईतो घेवड्यावर मावा बसलेला असतो. बोटाएवढ्या कोवळ्या शेंड्यावर काळे ठिपके दिसले की तो शेंडाच खुडावा. जास्त असेल तर निंबोळीचा अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळीचा भरडा एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात कपड्याच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून संध्याकाळी फवारावा. निंबोळ्या जून-जुलैत लिंबाखाली पडतात तेव्हाच वेचून सावलीत वाळवाव्यात. बाजारातली विषारी औषधे घरच्या भाजीवर मारणार असाल तर भाजी बाजारातूनच आणावी, तेवढे कष्ट वाचतील. २५ डिसेंबरला आम्ही देहूरोडच्या विहाराला जातो. बाबासाहेबांनी १९५४ साली त्याच दिवशी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. जाताना घेवड्याची कोरडी भाजी आणि भाकरी घरची असते. आत्या असेतोवर यात खंड पडला नाही.

आता शेवग्याच्या पाल्याचे कारण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळलेली आहे. आपल्या वस्तीत ती दिसायला पाहणीची गरज नाही. जिना चढताना दम लागतो, पाय दुखतात, आणि आपण म्हणतो वय झाले. शेवग्याचा पाला, चाकवत, राजगिरा, माठ यांत लोह आहे, पण भाजीतले लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. त्यावर लिंबू पिळले, किंवा सोबत टोमॅटो, कच्ची मिरची असली तर लागते. जेवल्या जेवल्या चहा घेतला तर वाया जाते. भगिनींनी चहा तासभर पुढे ढकलावा. आणि भाजी शेवटी उरेल ती आपण खाऊ, ही रीत बंद करावी. रक्त फारच कमी असेल तर पाल्यावर विसंबू नये, दवाखान्यातून गोळ्या घ्याव्यात.

बागेचे घराच्या खर्चात काय स्थान आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परसबागेवर घर चालते असे म्हणणाऱ्याने घर चालविलेले नसते. १९९९ साली आमच्या ह्यांच्या कारखान्याला टाळे लागले, सात महिने पगार नव्हता. ज्वारी गावाकडून आली, तेल-मीठ उधारीवर आले, मुलांच्या शाळेसाठी माझ्या कानातले गेले. बागेने काय दिले? रोजची एक भाजी. पण त्या सात महिन्यांत मुलांच्या ताटात मीठ-भाकरी कधी आली नाही, आणि दारावर भाजीवाली आली की तोंड चुकवावे लागले नाही. दिवसभर घरी बसून माणूस खचतो. आमचे हे त्या दिवसांत सकाळी सहाला उठून, पहिल्या पाळीला निघावे तसे, पट्टीत जात. तेव्हा मी त्यांना टोमॅटोला काठ्या बांधू दिल्या, त्यांनी त्या फिटरच्या हिशेबाने एकसारख्या मापाच्या कापल्या.

माघानंतर ऊन चढते. फाल्गुनात गवार, चवळी, भेंडी, माठ टाकावा. ही उन्हाळा सोसणारी माणसे आहेत. फाल्गुन आणि चैत्रात घरात दुसरी गडबड असते, तिखट कांडणे, पापड, कुरडया, सांडगे. ज्या गच्चीवर कुंड्या त्याच गच्चीवर वाळवण, म्हणून कुंड्या पूर्वेच्या कठड्याला सरकवाव्यात. उरलेली गवार आणि मेथीचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरला तर श्रावणात भाजी महागते तेव्हा उपयोगी पडतो. कढीपत्ता, गवती चहा, अडुळसा यांचे एकेक झाड उन्हाळ्यात जगवले की बारा महिने कामास येते. सम्राट अशोकाने माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावविल्या, जेथे नव्हत्या तेथे आणवून लावविल्या, असे गिरनारच्या शिलालेखात कोरलेले आहे.

वैशाखात खरी परीक्षा पाण्याची. पवना धरणाचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यातून आपल्याकडे येते, आणि नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने ते दिवसाआड देण्यास सुरुवात केली. वीस फूट लांब, तीन फूट रुंद म्हणजे साठ चौरस फूट जागेला कडक उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ३५ लिटर पाणी लागते, साधारण दोन बादल्या. नळाचे पिण्याचे पाणी त्यासाठी खर्च करणे मला पटत नाही. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी पाच माणसांच्या घरात बादलीभर सहज निघते. कपड्यांचे साबणाचे पाणी पालेभाजीला घालू नये, त्यातल्या सोड्याने माती चोपण होते. शेवटच्या खळबळीचे पाणी अळूला, शेवग्याला चालते. मातीवर वाळक्या पाल्याचा चार बोटे थर अंथरावा आणि वरून जुनी सुती साडी ताणून बांधावी, म्हणजे दोन बादल्यांचे काम दीड बादलीत होते. बिनभाजणीचे नव्हे, चांगले भाजलेले पण रंग न दिलेले मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले तर ते पाझरत राहते आणि दिवसाआडच्या पाण्याची चिंता उरत नाही. एवढे करूनही पाणी पुरले नाही तर पट्टीचा निम्मा भाग मोकळा सोडावा.

अलीकडे दुसरीच अडचण आली आहे. प्रत्येक जण मजल्यावर मजला चढवितो आहे. आमच्या पश्चिमेला तिसरा मजला झाला तेव्हापासून पट्टीत दुपारनंतर ऊन येत नाही. वांगी-टोमॅटोला पाच-सहा तास ऊन हवे, पालेभाजीला तीन-चार तास पुरते. म्हणून आता खाली नुसती पालेभाजी, आळूची पाने आणि हळद, आणि बाकी सगळे गच्चीवर. गच्चीवर पत्र्याची खोली टाकली तर कारखान्यात काम करणारी मुले भाड्याने राहतील, महिन्याला ठरलेले पैसे येतील, असे माझा थोरला मुलगा तीन वर्षांपासून म्हणतो आहे. तो चुकीचे बोलत नाही. पेन्शन तुटपुंजी आहे आणि माथेरीचा चहा करण्याइतकी भाजी विकून काही येणार नाही. आम्ही अजून निर्णय घेतलेला नाही. सुनेने मध्यममार्ग काढला आहे: निम्म्या गच्चीवर खोली, निम्मी मोकळी, आणि खोलीच्या पत्र्याचे पाणी पिंपात. त्याचा नकाशा तिने धाकट्या नातवाच्या चित्रकलेच्या वहीत काढून ठेवला आहे.

बियाण्याचे शेवटी सांगते, कारण ते काम शेवटीच असते. वेलाची पहिली आणि सर्वात चांगली शेंग किंवा फळ खाऊ नये, त्याला चिंधी बांधून ठेवावे म्हणजे कोणी तोडत नाही. घेवड्याची शेंग वेलावरच वाळू द्यावी. दोडका आणि घोसाळे वाळून हलके झाले, हलविल्यावर आत बी वाजू लागले की काढावे. बी दोन दिवस सावलीत वाळवून राखेत घोळावे, लाकडाच्या राखेत, आणि कागदाच्या पुडीत घालून पुडीवर नाव व साल लिहावे. पुड्या पत्र्याच्या डब्यात, डबा फळीवर, चुलीपासून लांब. ज्येष्ठ पौर्णिमेला विहारात येताना ज्यांच्याकडे जास्त असतील त्यांनी दोन पुड्या सोबत आणाव्यात. माझ्याकडे या वर्षी पांढऱ्या घेवड्याचे, अंबाडीचे आणि लांब दोडक्याचे बी आहे. भेंडीचे गेल्या पावसात बुरशी लागून गेले, ते कोणाकडे असल्यास मला हवे आहे.